पत्र्याखालचं घड्याळ

(अंबड तालुक्यातला एक साखर कारखाना. २००३ सालचा रमजान, दिवस मावळायला आलेला. बॉयलरवरचे फकरोद्दीन चाचा गच्चीवर, कॉम्प्युटर सांभाळणारा मच्छिंद्र खाली खिडकीत.)

फकरोद्दीन : आला का रे सिग्नल?

मच्छिंद्र : न्हाई चाचा, लाल दिवाच हाय. आज धूळ पुसली तवा दिसला. त्या पांढऱ्या डब्बीला काय झालं, बघा न. तिला वरून उपग्रहाचा टाइम भेटतो, तिच्यावरून कॉम्प्युटर चालतो, अन् कॉम्प्युटर भोंगा वाजवतो.

फकरोद्दीन : डब्बी तर बिलकुल ठीक हाय. पुसली बी.

मच्छिंद्र : जरा फिरवून बघा.

फकरोद्दीन : टीव्हीचा ॲन्टेना हाय का ही? घे, फिरवली.

मच्छिंद्र : लालच. कधीपासून लाल हाय देव जाणे.

फकरोद्दीन : मंग इतके दिवस भोंगा कशावर वाजून राह्यला?

मच्छिंद्र : तुमच्या घड्याळावर. दोन्ही जुळले न्हाई की कॉम्प्युटरच बराबर करीत होतो. तुमचं घड्याळ म्हंजे पक्कं काम.

फकरोद्दीन : पक्कं असणारच. रोज भोंगा झाला की त्याच्यावरच तर लावतो.

मच्छिंद्र : काय?

फकरोद्दीन : काय म्हंजे? काटे लावतो.

मच्छिंद्र : अहो चाचा! मी तुमच्यावर अन् तुम्ही माझ्यावर!

फकरोद्दीन : या अल्ला. मच्छिंद्र, मिलच्या आवाजात इथं अजान ऐकू येत न्हाई. आम्ही सगळे भोंग्यावर रोजा सोडतो. तो आधीच वाजला असंल तर इतक्या जणांचे रोजे गेले ना रे!

मच्छिंद्र : मला भ्याव नका घालू. चाचा, तुमच्या डोक्यावर काय हाय?

फकरोद्दीन : टोपी.

मच्छिंद्र : टोपीच्या वर!

फकरोद्दीन : पत्रा. चिमणीची राख इफ्तारीत पडती म्हणून तूच तर वर टाकून दिला.

मच्छिंद्र : मंग डब्बीला आभाळ कसं दिसंल? सरकवा तो, जल्दी!

फकरोद्दीन : सरकवला. आता?

मच्छिंद्र : लाल... दम धरा, येळ लागतो त्याला... अजून लालच... हिरवा! हिरवा झाला चाचा!

फकरोद्दीन : पुढं व्हतं का मागं? बोल लवकर!

मच्छिंद्र : मागं! पाच मिनिटं मागं. रोजे सलामत हायेत तुमचे. टाइम होऊन बी गेला, वाजवतो भोंगा!

फकरोद्दीन : शुक्र हाय.

मच्छिंद्र : माफ करा चाचा. माझ्यापायी रोज उगाच उपाशी थांबले सगळे.

फकरोद्दीन : तू बी थांबलाच ना. तुला कुठं रोजा व्हता? तरी भोंगा होईपर्यंत जेवणाचा डब्बा उघडला न्हाई एक दिवस. ये वर, खजूर घे.