आईसाठी केलेलं पेन

तुमाले माहीत हाय, मी पुण्यात इन्सुलिनच्या पेनाची बाहेरची बॉडी डिझाइन करतो. एक बॉडी मात्र मी आईसाठीच बनवली. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली, डोसचं बटण तिले फिरवता येत नव्हतं. गावी, घाटंजीले, बाबाच तिले रोज सुई टोचून देत. यंदा बाबा गेले. मग मी जाड मुठीचं, मोठ्या बटणाचं पेन करून नेलं. आईनं बटण स्वतः फिरवलं आन् पोटाले टोचून घेतलं.

"जमलं ना आई?" मी खूश होऊन विचारलं.

"जमलं रे बाप्पा, पेन चांगलं हाय. पण तुहे बाबा टोचताना मले गोष्टीत गुंतवत, सुई कवा गेली समजतच नव्हतं. आज दुखलं."