माथ्याचं कडं सोडून सगळं

हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्यानं बोला, इथं कढईत मांस खदखदतंय, काही ऐकू येत नाही…

अगंबाई, विहीणबाई! ओम्स्कहून, आणि सकाळी सकाळी? बरं आहे ना सगळं? मुलंबाळं, गुरंढोरं?… हो हो, फ्लॅटात कुठली आलीत गुरं. विचारायची रीत म्हणून विचारलं. मांजर तरी खातंपितंय ना?

आम्ही मजेत. थंडी? वजा बावीस… तुमच्याकडे वजा सव्वीस? असू द्या. थंडीतही वरचढच तुम्ही, वरपक्ष ना!

परवाच हिवाळ्याच्या बेगमीचा घोडा कापला. तुमचा वाटा मीठ लावून बाजूला ठेवलाय. अकबोताला पाठवा न्यायला, दीड वर्ष झालं लेक माहेरी आली नाही… तिला जमत नसेल तर एलझासला पाठवा. नातवाला आजोळी यायला मुहूर्त लागतो का? त्या तेलाच्या विहिरीवर पोराला सुट्टी म्हणून देत नाहीत की काय?…

हॅलो? काय, दुसरंच काही विचारायचंय?

बरं. बोला… हो… हो, खरं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?… फोटो? कुलाशनं अकबोताला पाठवला? (कुलाश, बोटांना खाज सुटते का गं तुझ्या?… नंतर बोल. आधी वरचा फेस काढ.) आमची सून, विहीणबाई. पोटात घोड्याचं मांस राहील, पण बातमी राहायची नाही.

हो, पाठवतेय. आमची युर्त पाठवतेय, कुरणावरचं ते गोल तंबूघर. ट्रक दारात उभा आहे. भिंतींच्या जाळ्या चढल्या, छताच्या काठ्या चढल्या, वरचे लोकरीचे नमदे बांधताहेत. दुपारी निघेल…

अहो, ऐका तर… ऐका ना! कुणाचा हात? परक्या देशाचा? माझ्यामागे?… विहीणबाई, माझ्यामागे या घडीला फक्त चूल आहे… पैसे? मला? तुमच्या टीव्हीवर सांगितलं? मग त्या टीव्हीवाल्याला माझा पत्ता द्या. म्हणावं, रिस्ती म्हातारीला अजून पोचले नाहीत, टपाल हरवलं वाटतं.

हान्नासाठी पाठवतेय… हान्ना हो, आमची शेजारीण. अकबोताच्या लग्नात तिनं केलेला पाव तुम्हीच तीनदा मागून घेतला होतात! चाळीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिलो आम्ही. नवरा गेला, तशी बहिणीकडे गेली, युक्रेनात. आणि वर्ष होतंय न होतंय तोवर हे सुरू झालं…

नाही, तिनं नाही मागितलं. मीच विचारलं, रात्री अंगावर काय घेतेस? म्हणाली, कोट. इमारतीत वीज नाही, नळाला पाणी नाही. मी म्हटलं, अगं, चार-चार मजले चढवायला शिकलात आणि ऊब धरून ठेवायला नाही शिकलात? शाळेच्या आवारात युर्त उभी करा, मधोमध शेगडी पेटवा, चाळीस माणसं बसतील.

बरं, ते राहू द्या. तुमच्याकडे काय सांगतात, कुणी सुरू केलं?… नाही हो, टोमणा नाही. खरंच ऐकायचंय मला… हं… हं. आणि तसं नसतं केलं तर काय झालं असतं म्हणे?… अस्सं.

आमच्या टीव्हीवर तुमचीही वाहिनी दिसते आणि दुसरीही. सात वाजता एक गाव मुक्त होतं, आठ वाजता तेच गाव बेचिराख होतं. मी कुलाशला विचारलं, गाव एकच ना गं? मग माणसं कुठल्या वाहिनीवर राहतात?

अमेरिका? ती मधेच कुठून आली?… तोफा देते त्यांना. बरं. आणि तुम्हाला कोण देतं?… स्वतःच्याच? मग तुमच्या ओम्स्कमध्ये अंडी का महागली?… हसू नका, मला कळत नाही म्हणून विचारतेय. दोन इयत्ता शिकलेली बाई मी.

घाबरू नको कशी? आमच्या शेवटच्या कुरणापासून तुमची हद्द घोड्यावर दीड दिवस. दोन उंट एकमेकांना घासायला लागले की मधल्या माशीचं मरण, एवढं मलाही कळतं. पण माशीनं शेजारणीला थंडी वाजते का, एवढंही विचारू नये?

गावात बैठक झाली ना त्यावरून! एक म्हातारा म्हणाला, काही देऊ नका, उद्या आपल्याच दारात येतील. ट्रकबरोबर आलेला शहरी बाबू त्याच्या वरताण. म्हणे नमद्यावर झेंडा रंगवू, वर्गणी काढून अंधारातलं दाखवणाऱ्या दुर्बिणीही पाठवू. मी म्हटलं, बस खाली. ऊब देईन, नेम देणार नाही.

आणि माझीही हद्द आहे, विहीणबाई. छताच्या काठ्या ज्यात अडकतात ते माथ्याचं कडं देत नाहीये मी. सगळं दिलं, ते शानिराक घरातच… हो, तेच, सासऱ्यांच्या आजोबांचं. सुताराकडून नवं करून घेतलं ट्रकात टाकायला. जुन्याच्या भोकातून पाच पिढ्यांचा धूर गेलाय. ते कसं देणार? आपल्यात शत्रूलासुद्धा माणूस दहा वेळा विचार करून तो शाप देतो, तुझ्या घराचं कडं तुझ्या अंगावर कोसळो. आणि मी ते स्वतःच्या हातानं बॉम्बखाली नेऊन ठेवू? तोबा तोबा.

गावाचं नाव? तुम्हाला कशाला हवं?… अहो, कागदावर आहे, पण मला एकेक अक्षर लावत बसावं लागतं. नदीकाठचं आहे कुठलंसं. सूर्यफुलाच्या तेलाची गिरणी आहे तिथं… हो, शाळा गिरणीला लागूनच… पूर्वेच्या अंगाला? ते नाही माहीत… धुराडं? असेल. गिरणीला धुराडं असायचंच… लाल पट्टे? दोन?

विहीणबाई, धुराड्याचं नाव आधी मी काढलं नव्हतं.

पट्टे दोन आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?… टीव्हीवर नाही दाखवत असलं काही. खरं सांगा, शेजारी कुणी बसलंय का? साहेब-बिहेब? कुणी विचारायला लावलंय? असेल तर खोका एकदा… खोका म्हटलं मी, रडा नव्हे…

विहीणबाई? अहो, काय झालं?

कुणाला दिसतं धुराडं?…

कोण?…

एलझास तेलाच्या विहिरीवर आहे. उत्तरेला. अकबोतानं माझ्या मरणाची शपथ घेऊन सांगितलं मला…

कधीपासून?… ऑगस्ट… घरी फौजेचा कागद आला… आणि जावई काय करत होते? चहा पीत होते?… हो. हो, माहीत आहे, कागद आला की काही चालत नाही. तरी विचारलं.

(नको, पाणी नको. ट्रकवाल्याला सांग, थांब म्हणावं… का ते विचारू नकोस. जा.)

हां, ऐकतेय. सगळं सांगा आता, काही गाळू नका. काय करायला लावतात त्याला?… तोफेवर. तो डागतो?… मग?… आकडे. कुणीतरी आकडे सांगतं आणि तो चाक फिरवतो… कुठं पडतं ते त्याला दिसत नाही… धुकं नसलं की धुराड्याचं टोक तेवढं… हं. जेवायला काय देतात?… खोकला अजून आहे का?… हं.

म्हणून थांबवा म्हणता. आपल्याच पोराच्या हातून आपलंच घर.

कळलं… नाही, तुमच्यावर नाही चिडले. लेकीवर चिडेन. आज नाही, सवडीनं.

पण एक सांगा मला. मी युर्त उतरवून घेतली, तर शाळा तिथून उठून जाईल का? हान्ना जाईल?… आकडे बदलतील?… नाही ना. तेच आकडे, तेच चाक. फक्त आपल्याला दिसणार नाही, एवढंच.

तो तुमच्याशी कधी बोलतो?… रविवारी… ऐकणारे असतात? ऐकू द्या की. दोन म्हाताऱ्यांच्या घरातलं बोलणं, त्यांना काय कळणार त्यातलं. ट्रक वळसा घालून जाणार, तुमच्या मुलखातून नाही. पोचायला तीन आठवडे. म्हणजे तीन रविवार आहेत तुमच्या हातात.

त्याला सांगा, आजोळच्या आजीनं शानिराक काढून दिलं… नवं नव्हे. जुनं. ज्याच्याखाली सहा उन्हाळे झोपलाय तो, तारे मोजत. गिरणीजवळच्या शाळेच्या आवारात उभं राहणार आहे म्हणावं. झालं. पुढं एक शब्द नको. हे कर, ते करू नको, काही नको.

वेडी नाही झाले… हो, आत्ताच म्हटलं होतं, देणार नाही. तेव्हा तोफेच्या मागं कोण आहे ते माहीत नव्हतं मला. त्याला काही दिसत नाही म्हणता ना? मग दिसू दे. आपल्या पूर्वजांचं कडं पाडणारा हात कुठल्या घरचा असतो, ते त्याला शिकवावं लागणार नाही.

काय करेल ते मला तरी काय ठाऊक?… हो. शिक्षा करतील… त्याहून वाईटही करतील, माहीत आहे. तुमच्या छातीत कळ येते तशी माझ्याही येते, विहीणबाई, नातू दोघींचा आहे… पण मला एक विचारायचंय त्याला. तेवढं विचाराल? ते चाक दोन दात जास्त फिरलं तर गोळा किती लांब जाऊन पडतो? नदीपलीकडे नुसती ओस शेतं आहेत, हान्ना म्हणाली… नाही हो, मी कशाला शिकवू? म्हातारीला उत्सुकता आहे म्हणावं. लहानपणी तो मला विचारायचा, तारे कुठं पडतात? आता मी विचारतेय.

नका देऊ वचन. रविवार लांब आहे. विचार करा.

काय?… पायमोजे? आहेत की, उंटाच्या लोकरीचे. त्याच्याच मापाचे विणलेत… ट्रकात?… अहो, ट्रक तर पलीकडे जातोय. तो अलीकडे आहे ना… दोन कोस असेल, नाहीतर अर्धा. नाही पोचायचे… नाही हो, बाई. मीही आत्ता तोच विचार करत होते. नाही पोचायचे.

रडा. मी आहे फोनवर…

(कुलाश, ते नवं कडं खाली उतरवा म्हणावं. कोठार उघड… हो, जुनं. सांगितलं ना, जुनं!… कुणी हात लावू नका त्याला, मी येते.)

विहीणबाई, ठेवू का आता? घरातल्या मोठ्या माणसाच्या हाताशिवाय शानिराक जागचं उचलायचं नसतं, आणि इथं मोठं माणूस मीच आहे.