आभारवाल्या नानांचा घसा

टाळ जरा मांडीवर ठेवा मंडळी, आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. आभार मानायला वेळ किती लागतो?

काय म्हणालात मावशी? दोन मिनिटं? मावशी, तुम्ही आमच्या शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या दिसत नाही! तिथं पाऊण तास लागतो. बक्षीस मिळालेली पोरं तोवर बक्षीस हरवून बसतात!

बरं, आता दुसरा प्रश्न. हा जड आहे, सांभाळून घ्या. वर्षातून एकदा ज्याच्यापुढे नारळ फोडतो, त्या देवाचे आभार आपल्याला बरोबर आठवतात. मग रोज सकाळी हातात गरम चहा आणून देणाऱ्या माणसाचे का आठवत नाहीत?

हं! झाले सगळे गप्प! पुरुषमंडळी तर एकदम खांबाकडे बघायला लागली. बघा, बघा. खांब छान आहे. तोवर मी गोष्ट सांगते. तात्या, पेटीवर सूर धरा. बोला — पांडुरंग हरी!

तर पंचगंगेच्या काठाला एक गाव होतं. नाव सांगत नाही — इथं कुणाचे तरी पाहुणे निघायचे! त्या गावात राहायचे केरबानाना. नानांचा धंदा काय? शेती. पण नानांची कीर्ती कशाची? आभारप्रदर्शनाची! गावात लग्न असो, कुस्त्यांचं मैदान असो, दूध डेअरीचं उद्घाटन असो — शेवटी माइकवर कोण? नाना! डोक्याला फेटा, हात जोडलेले, आणि सुरुवात व्हायची — मांडव घालणाऱ्यांचे आभार! मांडवाचा बांबू देणाऱ्यांचे आभार! तो बांबू ज्या बेटातला, त्या बेटाच्या मालकांचे आभार! प्रमुख पाहुणे आले नाहीत, तर ‘येण्याचा विचार केल्याबद्दल’ त्यांचेही आभार! मधेच लाईट गेली, तरी नाना ओरडून म्हणायचे, “इतका वेळ होती, त्याबद्दल लाईटवाल्यांचे आभार!”

आणि लोक? लोक काय करणार! ‘आता आभार’ एवढं ऐकलं की अर्धा मांडव चपला शोधायला उठायचा. नानांना त्याचं काही नाही. पाठ फिरवून निघालेल्या लोकांचेही आभार!

असा हा आभाराचा महासागर घरी यायचा. घरी कोण? हौसाबाई, नानांची बायको. फेटा उतरला की घडी तिनं करायची. बोलून बोलून घसा सुकलेला, म्हणून कोमट पाणी तिनं ठेवायचं. भाकरी तव्यावरून थेट ताटात, फुगलेली, पदर सुटलेली! आणि नाना एक घास खाऊन काय म्हणायचे?

“मीठ कमी हाय.”

झालं! संपलं आभारप्रदर्शन!

एकदा शेजारच्या पारूबाईनं त्यांना टोकलंच. “काय वो नाना, गावाचं एवढं गुण गाता, आमच्या अक्काला कधी चार शब्द?”

नाना हसले. “पारू, आभार परक्याचं मानायचं असतं. घरच्याचं मानलं, तर घरचं माणूस परकं हुतंय.”

आता बघा! इथं किती माना हलल्या! मला वरून दिसतंय बरं का! ‘घरच्यांत कसलं थँक्यू’ — हे आपल्या सगळ्यांचंच म्हणणं. पटण्यासारखं आहे की नाही? मग पुढे काय झालं, ते ऐकाच.

गावच्या देवळाला नवा कळस चढायचा होता. पिढीतून एकदा येणारा दिवस! त्या दिवशीचं आभारप्रदर्शन म्हणजे नानांच्या जन्माचं सार्थक. आणि नेमका तेव्हाच नानांचा घसा बसला. साधा नाही बसला — पार मांडी घालून बसला! तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाल्या, “नाना, आता मौन. अगदीच अडलं तर एखादा शब्द. तोंडाला कुलूप लावलंत, तरच कळसाला आवाज मिळेल. नाहीतर मी जबाबदार नाही!”

नाना घाबरले. सगळं आयुष्य ज्या आवाजावर उभं, तोच गेला तर? बसले ओसरीवर, तोंड घट्ट मिटून. पाणी हवं तर अंगठा ओठाला. चहा हवा तर बशी धरल्यासारखी बोटं. हौसाबाई दोन दिवसांत सगळ्या खुणा शिकली. भुवई हलली तरी तिला कळायचं, यांना सुपारी हवीय!

पण मंडळी, बोलणारा माणूस गप्प बसला की त्याचं काय होतं? त्याला दिसायला लागतं!

नानांना दिसलं — ही मला काढा देते, तो आधी स्वतः फुंकून देते. मी ओसरीवर डुलकी काढतो, तेव्हा ही कोंबड्या हाकलायलासुद्धा आवाज करत नाही, नुसता पदर हलवते. माझा चहा गरम, आणि हिचा? चुलीच्या कडेला साय धरून बसलेला! हे आज नाही चाललेलं. हे रोजचं!

एका दुपारी ती काढ्याचा पेला घेऊन आली, आणि नानांच्या तोंडून घोगऱ्या आवाजात निघून गेलं, “हौसा... लई केलंस गं माझ्यासाठी.”

अहो, हौसाबाईच्या हातातला पेला खाली! ती पांढरीफटक!

“अगं आई गं! पारू, धाव! आमचं हे चाललं गं!”

पारूबाई धावली. तिच्या मागं गल्ली धावली. हौसाबाईनं नानांचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी तुळशीचं पान तोंडात कोंबलं, कुणी देव्हाऱ्यातलं गंगाजल ओतलं. नाना ‘अंऽ अंऽ’ करतायत! पण तोंडात तुळस, वर गंगा, आणि घशाला कुलूप! बिचाऱ्यांनी दोन्ही हात हलवले — ‘नाही, नाही!’

तर पारूबाई रडत म्हणते, “बघा, बघा! हात हलवून निरोप घ्यायला लागल्यात!”

शेवटी काय करावं नानांनी? उठले ताडकन! सरळ स्वयंपाकघरात गेले, टोपलीतली भाकरी घेतली, तिच्यावर ठेचा लावला आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाल्ली! मेलेला माणूस ठेचा खाईल का हो? खाल्ली, आणि असा ठसका लागला, असा ठसका लागला, की आता खरंच जातात की काय! गल्ली पोट धरधरून हसली आणि आपापल्या घरी गेली.

हौसाबाई तेवढी हसली नाही. सांडलेला काढा पुसत खाली बघून म्हणाली, “आजवर असलं कधी बोलला न्हाईसा. मला वाटलं, निघालासा.”

मंडळी, कळलं का काय म्हणाली ती? तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं एक गोड शब्द काढला, आणि बायकोला वाटलं, आता याला यमच न्यायला आला! गोड बोलायला आपण मरणाची वाट बघत असतो, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. नानांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी झालं.

मग नानांनी काय केलं? डॉक्टरीणबाईंनी राखायला सांगितलेला आवाज ते घरातच खर्च करायला लागले! पाणी हातात आलं — “बरं वाटलं.” अंथरूण घातलं — “दमलीस.” पारूबाई ताक घेऊन आली — “ग्वाड हाय गं.” एक श्वास, एक शब्द, बस्स!

हौसाबाई भांडायला उठली. “गप बसा की! कळसाचं आभार कोण मानणार मग?”

“ते हुईल. न्हाईतर न्हाई.”

“असं कसं न्हाई? जीव हाय तुमचा त्येच्यात!”

नाना नुसते हसले. आणि तिनं फुंकून दिलेला काढा प्याले. आणि परत म्हणाले, “बरं वाटलं!”

कळसाचा दिवस उजाडला. सनई, भंडारा, गुलाल! कळस चढला, उन्हात असा झळकला की डोळे मिटावेत! सरपंच माइकवर म्हणाले, “आता आभार —” आणि लोक सवयीनं उठले. नाना माइकपुढे आले. हात जोडले. तोंड उघडलं.

आवाज नाही!

पुन्हा उघडलं. नाहीच!

अर्धे उठलेले लोक अर्धेच राहिले. सगळा गाव बघतोय. जन्मभर वाट बघितलेली घडी, आणि घशातून वाराही निघेना!

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कोण उठलं? हौसाबाई! कधी माइक बघितलेला नाही, पण आली तडक आणि नानांच्या शेजारी उभी राहिली. “तुम्ही खुणा करा. मी सांगतो.”

नानांनी वर हात केला. हौसाबाई म्हणाली, “मांडववाल्यांनो, सावली चांगली दिलासा.” नानांनी सरपंचांकडे बघून मान हलवली. “सरपंच, लई पळालासा. बसा आता.” नानांनी वाढप्यांकडे बोट केलं. “पोरांनो, आधी जेवून घ्या.” एक खूण, एक वाक्य! लोक खाली बसले, चपला तशाच. ज्याचं नाव निघे त्याचा चेहरा उजळे!

शेवटी नाना तिच्याकडे वळले. दोन्ही हात छातीशी नेले आणि तिच्यासमोर जोडले.

माइक गप्प.

“अक्का, सांगा की!” गाव ओरडलं. “काय म्हणत्यात नाना?”

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. “त्ये... त्ये घरचं हाय!”

अशी टाळी पडली, अशी टाळी पडली, की देवळावरची कबुतरं उडाली! बोला — पांडुरंग हरी!

पुढे नानांचा आवाज आला. पण लांबण लावायचं ते कायमचं विसरले.

आता तुम्ही म्हणाल, पोरी, गोष्ट छान, पण आम्हाला वेळ कुठाय? अहो, मागतंय कोण वेळ! संस्कृत नको, भाषण नको. ताट पुढ्यात आलं, एकदा वर बघा. दार उघडलं कुणी, एकदा हसा. ‘बरं वाटलं’ म्हणा. विठ्ठल कमरेवर हात ठेवून युगं उभा आहे, त्याला घाई नाही. पण घरातलं माणूस रोज तुमच्यासमोरून जातंय, आणि तुम्ही खांब बघताय!

उद्यापासून नको. उद्याचं मला माहीत आहे, उद्या सोमवार असतो! आत्ता! तुम्ही उशिरा आलात, तेव्हा ज्यांनी सरकून सतरंजीवर जागा करून दिली, ते तुमच्या शेजारीच बसलेत. वळा त्यांच्याकडे. मी थांबते. तात्या, तुम्ही पेटी हळूच वाजत ठेवा.

हं... बोला!

अहो, माझ्याकडे काय बघताय? तिकडे बोला!