गोरखची ढोलकी

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीच्या रांगेत भावनाच्या पुढे दोघी बायका बोलत होत्या.

“रूपा, नवऱ्याला मातीला नेला, तवा तू ढोलकी वाजवलीस म्हनं?”

“वाजवली ना, भीमामावशी.”

“लोकं नावं ठेवतान.”

“ठेवू दे. चर्चमधी सगल्यांच्या मयताला गोरख वाजवायचा. मंग त्यालाच मुक्यानं पाठवू?”

“ताल नाय चुकला?”

“पयल्या थापेला चुकला. बोलली, येशूबाबा, तू धर. मंग नाय चुकला.”

“आन रडलीस नाय?”

“रडली की. तालात रडली.”

“या पिशवीत काय हाय?”

“तीच ढोलकी. कातड्याची नवी पुडी बसवून आनली. रविवारी प्रार्थनेला त्याच्या जागंवर मीच बसनार.”

गाडी लागली. रांग मोडली.

“दे ती माझ्याकडं,” भीमामावशी म्हणाली. “गर्दीत धक्का लागंल तिला.”

भावनाने मागे सरून दोघींना वाट दिली.