चौथ्या चौकटीतला हात

नाही नाही दादा, ती तिसरी — तिसऱ्या महिन्याला काही करू नका, तो छान आलाय. त्याच्या शेजारची, चौथी चौकट. हां, हीच. मोठी करा जरा. दिसला हात? पोरीच्या मानेखाली, बोटाला चिकटपट्टी असलेला? तेवढाच काढायचा. तुमच्या कॉम्प्युटरवर निघतो ना? लवकर करा हं, पोरीला ठेवून आलेय, दहा मिनिटांत येते सांगून. बाकी सगळं मी घरीच केलंय, मोबाईलवर — बारा महिने, बारा चौकटी, उद्या वर्षाची होतेय ना ती, भिंतीवर लावायचंय. सातवीच शिकलेय मी, पण हे ॲप घरात माझ्याइतकं कुणाला जमत नाही, ह्यांना तर अजून फोटो सरळ करता येत नाही! फक्त ह्या हातानं जेरीस आणलं. कापत गेले, कापत गेले, तर पोरीचा कानच गेला.

कुणाचा म्हणजे? जाऊबाईंचा. छे हो, भांडण कसलं! भली बाई आहे. आत्ताही पोरगी त्यांच्याकडेच — जाऊ दे. दुसरा फोटोच नाही त्या महिन्याचा. माझा फोन बिघडला होता... असं काय बघताय? बरं, नव्हता बिघडला. मी आजारी होते. म्हणजे ताप-बीप नाही — पोरगी रडायला लागली की मी कानावर उशी दाबून बसायची. पाजताना भिंतीकडे बघायची. एक दिवस पिशवी भरली नि आईकडे निघून गेले. एकटीच. सव्वीस दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं बाळंतपणानंतर, औषध घे. घेतलं, बरंही वाटलं. पण ते सव्वीस दिवस कुठून आणू? चौकट रिकामी ठेवली तर नुसती माझ्याकडे बघत बसते. फूल घातलं, तर — नको, अभद्रच दिसत होतं ते. मग जाऊबाईंकडे मागितला, त्यांनी हा पाठवला. पोरगी पहिल्यांदा खळखळून हसली ना, तेव्हाचा. मी नव्हते. भाजी चिरताना ही रडली, घाईत बोट कापलं, पट्टी लावून तशाच हिला घेऊन बसल्या म्हणे — आणि ही पट्टीकडे बघूनच हसत सुटली. उद्या पाहुणे विचारतील, हात कुणाचा? पाहुण्यांचं सोडा हो, ही मोठी होऊन विचारेल — तेव्हा तू कुठे होतीस? काढा. पुसून टाका एकदाचा.

झालं? इतक्यात? बघू —

अगं बाई. दादा, ही... मान बघा ना हिची. खाली काहीच नाही. अशी अधांतरी — पडेल हो ती! हसतेय आणि पडतेय. नको, नको, परत आणा. येतो ना परत? बोलू नका, आधी तो हात आणा!

हां. आला. धरलंय. बघा, कसा पंजा पसरून धरलंय, बोट कापलेलं असून.

राहू द्या. असंच छापा. विचारलं पोरीनं तर सांगेन... काय सांगायचं ते माझं मी बघेन. आणि दोन काढा. नाही, दुसरा आमच्या खोलीत नाही लावायचा, जाऊबाईंच्या खोलीत. तुम्ही छापा हो दादा, माझ्या तोंडाकडे काय बघताय!