डॉक्टरांना त्रास नको

सुनेने बळेच पाठवलं म्हणून सायोबाई छातीवर हात ठेवून गावच्या इस्पितळात बसल्या होत्या. त्यांची तिन्ही मुलं इथेच जन्मलेली. तेव्हा या बाकांवर टेकायला जागा मिळत नसे. आज पुढच्या बाकावर पलीकडच्या वस्तीतल्या दोघीच होत्या, आणि त्यांची चांगलीच जुंपली होती.

“अगं किनुयो, तुला काय होतंय?”

“मला काय धाड भरलीय! बाकावर रोगी दिसावेत म्हणून आलेय.”

“आणि ‘एकटे डॉक्टर थकून निघून जातील, किरकोळ दुखणी घरीच काढा’ म्हणत दारोदार कोण फिरलं?”

“इस्पितळ बचाव समिती! तूही होतीस की, ताकेनो. डोक्याला घोषणेची पट्टी बांधून.”

“सगळं गाव इतकं शहाण्यासारखं वागेल, हे मला काय ठाऊक!”

“आता प्रांताचे साहेब म्हणतात, रोगीच येत नाहीत, तर बंद करू.”

“मग काय, आता उलटं सांगत फिरायचं? या हो, आजारी पडा?”

“फिरायचं! हिवाळ्यात घाट बर्फाने बंद झाला, की कुठे जाशील?”

“पण येतंय कोण? आमची शेजारीण मोडका हात घेऊन घरात बसली. म्हणे, डॉक्टरांना कशाला त्रास!”

“कपाळ माझं! असल्या भिडस्त बायकाच इस्पितळाला टाळं लावणार बघ.”

तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

“सायो-सान, या आत. काय होतंय?”

सायोबाईंनी छातीवरचा हात पटकन खाली घेतला.

“काही विशेष नाही हो. आधी या दोघींना जाऊ द्या.”