एकशे सहा फोटो

सन्माननीय अध्यक्षा, म्हणजे आपल्या कारखान्याच्या संचालिका बाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि देखभाल विभागाचे प्रमुख साहेब, शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोरच्या शिवणविभागातल्या, कटाईतल्या, इस्त्रीवरच्या माझ्या सगळ्या बंधू-भगिनींनो,

साहेबांबद्दल बोलायची संधी दिलीत, उपकार झाले. मी फिटर बाई. एकवीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करते. मला तेलाच्या डब्याशी बोलायची सवय, माइकशी नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मघाशी पाहुण्यांनी सांगितलं, की साहेबांनी मशीन दुरुस्तीचं स्वतःचं संकेतस्थळ उभं केलं आणि फेसबुकवरून ते वीस हजार लोकांपर्यंत नेलं. खरं आहे. मागे पडद्यावर सकाळपासून तेच पान उघडं आहे. त्याच जोरावर बाई आज साहेबांना आपल्या नव्या प्रशिक्षण केंद्राचे मुख्य प्रशिक्षक नेमणार, असंही कानावर आलंय. त्या जागेसाठी अर्ज मीही केला होता, हे आपलं सहज सांगते.

तीन वर्षांपूर्वी मीही एक संकेतस्थळ काढलं होतं. धाकट्या जावेनं करून दिलं. मशीन उघडायचं, बिघाडाचा फोटो काढायचा, खाली चार ओळी लिहायच्या. पण दुकान थाटलं म्हणून गिऱ्हाईक येतं का? जाऊ म्हणाली, ताई, लोक जिथे बसतात तिथे जाऊन बोला. मग जेवणाच्या सुट्टीत एका हातात डबा, एका हातात फोन. फेसबुकवरच्या शिवणाच्या गटांत कुणाचा दोरा तुटतोय, कुणाची टीप सुटतेय, ते शोधायचं. आधी तिची अडचण सोडवायची, मग हळूच माझ्या पानाचा दुवा द्यायचा. नुसता दुवा फेकला तर कुणी ढुंकून बघत नाही, हे मी ठेचा खाऊन शिकले.

साहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी केबिनमध्ये बोलावून लेखी ताकीद हातात दिली. वर म्हणाले, “फिटरनं पाना धरावा. लिहायला शिकलेली माणसं आहेत.” घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. मी लिहिणं थांबवलं. संकेतस्थळ मात्र मोडलं नाही.

पुढे साहेबांचं संकेतस्थळ आलं. फोटो माझे, ओळी माझ्या, आणि वर लिहिलेलं, ‘माझ्या हातांची किमया’. अहो, त्या फोटोंतल्या डाव्या अंगठ्यावर सुई आरपार गेल्याचा वण आहे. साहेबांचे अंगठे बघा, कसे लोण्यासारखे आहेत. मग प्रचार सुरू झाला. दर सोमवारी हजेरीआधी अख्ख्या विभागानं लाइक करायचं, शेअर करायचं. मीही केलं. माझ्याच हातांच्या फोटोला लाइक देताना मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून गेलेला नाही.

तेव्हाच तक्रार का केली नाही? कुणाकडे करणार? आयत्या बिळावर नागोबा बसला की बीळ कुणाचं होतं, हे मुंगीला कोण विचारतं?

पण साहेबांची एक सवय तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते स्वतःचा पाना कधी आणत नाहीत, समोरच्याचा उचलतात. इथेही तेच. माझे फोटो स्वतःकडे उतरवून ठेवायचे, तेवढेही कष्ट घेतले नाहीत. नुसता पत्ता डकवला. म्हणजे त्यांचं पान उघडलं की फोटो दर वेळी माझ्या संकेतस्थळावरून येतो. मी माझ्याकडे फोटो बदलला की त्यांच्याकडेही बदलणार. जावेनं हे मला दीड वर्षापूर्वी दाखवलं आणि म्हणाली, ताई, बदलूया? मी म्हटलं, थांब. साहेबांचा निरोप समारंभ होऊ दे.

आज सकाळी तुम्ही खुर्च्या मांडत होता, तेव्हा मी माझे खरे फोटो नव्या पत्त्यावर हलवून ते काम उरकलं. संगणकावर बसलेले दादा, ते पान जरा नव्यानं उघडता का?

आलं. बाई, मागे वळून बघा. एकशे सहा फोटोंच्या जागी एकच कागद आहे. शेवटच्या रांगेसाठी वाचते. ‘आपण स्वतःच्या संकेतस्थळावर मशीन दुरुस्तीचे एकशे सहा फोटो व मजकूर टाकून समाजमाध्यमांवर त्याचा प्रचार करीत आहात. तो त्वरित थांबवावा.’ खाली साहेबांची सही. तारीख त्यांचं संकेतस्थळ सुरू व्हायच्या चौदा महिने आधीची. फोटो कुणाचे, हे मी म्हणत नाही, साहेबच म्हणतायत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बसा साहेब, गुच्छ अजून द्यायचाय. आणि फोन खिशात ठेवा, पान आता बंद करून उपयोग नाही. ‘आज निवृत्त होतोय, माझं पान जरूर पाहा’ असं सकाळीच तुम्ही वीस हजार लोकांना कळवलंत. कागदाच्या तळाशी मी माझ्या संकेतस्थळाचा पत्ता टाकलाय. असा प्रचार मला जन्मात जमला नसता, त्याबद्दल मनापासून आभार.

बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. वहिनी, तुमचा यात काही दोष नाही, तुमची मी हात जोडून क्षमा मागते. साहेब, तुमची मागत नाही. आणि बाई, माझा अर्ज तुमच्या टेबलावर आहे. त्याला फोटो जोडायचे राहिले होते, ते आता जोडले.